ब्वेनोस दियास, अन्यथा तीव्र आंदोलन

मला पोलिसांनी आजवर एकदाच चौकीत बसवलं, आणि तेही स्पॅनिशमध्ये 'शुभ सकाळ' म्हटल्याबद्दल.

याचा मला अजून संताप आहे. शेलूबाजारच्या फाट्यावर प्रवाशांसाठी निवारा व्हावा म्हणून मी उन्हात उभा राहिलो, कोणी ढुंकून पाहिलं नाही. स्टँडजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह व्हावं म्हणून चार पत्रकं काढली, ती लोकांनी भज्यांखाली वापरली. (त्यातल्या एकावर तेल पडून 'जाहीर निषेध' हे शब्द उलट जास्त ठळक दिसत होते, तेवढंच समाधान.) पाण्यासाठी ओरडलो तेव्हा अटक नाही, रस्त्यासाठी ओरडलो तेव्हा अटक नाही. एका परदेशी बाईला 'तुमची सकाळ चांगली जावो' म्हटलं, आणि हवालदार हजर! ही या व्यवस्थेची संवेदनशीलता!

सुरुवात प्रवीणच्या फोनने झाली. प्रवीण माझा चुलतभाऊ. पुण्यात नोकरीला आहे, आणि तिथंच त्याचं लुसीया नावाच्या स्पेनच्या मुलीशी जमलं. मुलगी गोड, मराठी फाडफाड बोलते, काकूला व्हिडिओवर रोज 'जेवले का?' विचारते. अडचण तिच्या आईची होती.

"मंगेशदादा, तिचे आईवडील येऊन राह्यले," प्रवीण म्हणाला. "तिची आई म्हणते, पोरगी एवढ्या दूर जाईन, उद्या आजारी पडली, रडली, तं तिच्या भाषेत दोन शब्द बोलाले घरात कोणी आहे का? तिच्या जिवाले तेच लागलं आहे. ती अजून हो म्हणली नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. काका-काकूले, म्हणजे माझ्या मायबापाले, नुसता नमस्कार शिकव. एक ते दहा आकडे शिकव. तेवढं आलं तरी बाईच्या मनाची भीती जाईन. तुले स्पॅनिश येते न?"

येतं! पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली राहत होतो तेव्हा एका क्लासमध्ये मी स्पॅनिशचा पहिला धडा शिकलो होतो. दोनदा शिकलो होतो. (पहिला धडा फुकट होता, म्हणून दोन वेगवेगळ्या शाखांत जाऊन बसलो.) शेलूबाजार परिसरात माझ्याइतका तो धडा कोणाचाही पक्का नाही, हे मी आजही जाहीरपणे सांगतो.

वर्ग काकाच्या ओसरीवर भरला. विद्यार्थी तीन. काका, काकू, आणि शेजारचे सलीमचाचा टेलर. चाचांचा या लग्नाशी संबंध एवढाच की प्रवीणच्या पहिल्या शाळेच्या चड्डीपासून सगळे कपडे त्यांनी शिवले, आणि लग्नाचा कोटही मीच शिवणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी भिंतीवर खडूने लिहिलं. ब्वेनोस दियास. म्हणजे शुभ सकाळ.

काकूने ते नीट वाचलं आणि विचारलं, "सकाळ चांगली आहे हे तिले दिसत नाही का?"

"दिसते न काकू."

"मंग सांगाचं कायले?"

"तशी पद्धत आहे त्यांची."

"आपल्या दारात माणूस आला तं आपण पाणी देतो. बस म्हणतो. जेवला का विचारतो. आल्या आल्या सकाळचं सर्टिफिकेट कोण देते बाप्पा?"

सलीमचाचांचा आक्षेप वेगळा होता. "बेटा, सलाम केला तं जवाब मोठा पाह्यजे. हे म्हणते ब्वेनोस दियास, आपण बी म्हणाचं ब्वेनोस दियास? जेवढं देल्लं तेवढंच वापस? हे तं हिसाब चुकता केल्यासारखं झालं!"

मी म्हटलं, चाचा, भाषेच्या आत्म्यात शिरू नका, नुसतं पाठ करा. ते पाठ करेनात. काकू तोंडाला पदर लावून हसायची. तीन दिवसांत तिने 'ब्वे' एवढंच म्हटलं, आणि तेही शेळीला चारा टाकताना.

काकाचं प्रकरण त्याहून गंभीर होतं. काका तीस वर्षं बाजारात मापारी होता. धान्य मोजणारा माणूस. आणि धान्य मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार.

"म्हणा काका, उनो."

"लाभ."

"उनो!"

"लाभ, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको..." काका सरळ दहापर्यंत गेला! सेइस, सिएते, ओचो, न्वेवे, दिएस, एकही चूक नाही. तीस वर्षं आकड्यांतच गेलेला माणूस, एका बैठकीत पाठ. पण पहिला आकडा म्हणायला तयार नाही.

"काका, त्या लोकायले 'लाभ' कसं समजन?"

"पयल्या मापाले एक म्हणलं का बरकत जाते. मंग ते मराठीत म्हणा का तुह्या त्या भाषेत. म्या कोठ्यानं धान्य मोजलं, कधी एक म्हणलं नाही. आता म्हातारपणी म्हणू का?"

ही अंधश्रद्धा आहे, असं मी त्याला अर्धा तास समजावलं. तो अर्धा तास ऐकत होता. मग म्हणाला, "लाभ." शेवटी मला शिस्तीचा बडगा उचलावा लागला. काकाला मी वर्गातून काढून टाकलं. त्याच्या स्वतःच्या ओसरीवरून! (तो उठून अंगणात बसला आणि तिथून मोठ्याने आकडे म्हणू लागला. लाभपासून.)

त्या दुपारी मी भयंकर चिडलो होतो. एका मुलीचं आयुष्य अडलंय, प्रवीण रोज फोन करून 'किती झालं?' विचारतो, आणि इथं काय? एक विद्यार्थिनी हसते, एक चर्चा करतो, एक निलंबित! चिडल्यावर मला जे येतं तेच मी केलं. उभा राहिलो, मूठ वर केली आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "ब्वेनोस!"

आणि काय सांगू! काकू, चाचा आणि दारावरून जाणारी भाजीवाली, तिघांच्या मुठी आपोआप वर! "म्हणा, दियास!" मी म्हटलं, आणि तिघं गरजले, "दियास!"

"ब्वेनोस!"

"दियास!"

"उनो दोस त्रेस!"

"क्वात्रो सिंको सेइस!"

पंधरा मिनिटांत धडा पाठ. मला साक्षात्कार झाला. आमच्या लोकांना भाषा कानाने येतच नाही, ती दंडातून येते! दुसऱ्या दिवशी गल्लीतली वीस माणसं आली. तिसऱ्या दिवशी चाळीस. हसणारी काकू आता पदर खोचून पहिल्या रांगेत. काकूने मूठ वर करून 'दियास' म्हटलं की कोंबड्या उडत. पुण्याच्या त्या क्लासवाल्यांनी इथं येऊन शिकावं, असं मी जाहीर बोललो.

पाहुण्यांचं स्वागत आता ओसरीवर करणं हा जनतेच्या उत्साहाचा अपमान होता. मी ठरवलं, फाट्यावर करायचं. आणि फाट्यावर काही करायचं म्हणजे पत्रक आलंच. मंगरूळपीरच्या प्रेसवाल्याला फोन केला. "मागच्याचाच साचा घे. मधला मजकूर बदल. मधला मी पाठवतो."

मधला मजकूर मी तीनदा तपासला. 'ब्वेनोस'चा ब्वे, 'क्वात्रो'चा क्वा, सगळं बिनचूक. वरची आणि खालची ओळ मी तपासली नाही, कारण वरची आणि खालची ओळ मी गेली कित्येक वर्षं तपासत नाही. ती नेहमीचीच असते.

तर गावात वाटलं गेलेलं पत्रक असं होतं: वर, 'चलो फाटा! चलो फाटा!' मध्ये, स्पेनहून येणाऱ्या पाहुण्यांचं सकाळी अकरा वाजता स्पॅनिश भाषेत स्वागत. आणि खाली, जाड अक्षरांत, 'मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.'

अकरा वाजता फाट्यावर साठ माणसं. मी भोंगा घेऊन दुभाजकावर. काकू नवीन लुगड्यात. चाचांच्या हातात हार आणि गळ्यात, का कोण जाणे, माप घ्यायची टेप. काका आला नव्हता. निलंबित माणूस कार्यक्रमाला येत नाही, म्हणाला. प्रवीण परत जाताना त्याच्याजवळ द्यायची तुरीची डाळ घरी बसून मोजतो, म्हणाला. मी म्हटलं, बसा!

प्रवीण आणि लुसीया पाहुण्यांना गाडीने नागपूरहून समृद्धी महामार्गाने आणणार होते. बारा वाजले. एक वाजला. सावलीला उभं राहावं तर सावली नाही, कारण निवारा नाही. (मी सांगत होतो! चार वर्षं सांगत होतो!) लोक तापले. "कवा येते हे ब्वेनोस?" "मंगेश, लेका, उपाशी मारतं का?" मी लोकांचं मनोधैर्य टिकवायला दर दहा मिनिटांनी घोषणा दिल्या. आवाज बसत गेले, आणि बसलेल्या आवाजातलं 'दियास' हे 'मुर्दाबाद'च्या फार जवळ जातं, हे मला तेव्हा कळलं नाही.

दोन वाजता वरच्या आळीतल्या सहा बायका रिकामे हंडे घेऊन आल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमीच तं लिवलं न, तीव्र आंदोलन? आमच्याकडं पाच दिवस झाले, नळ नाही."

"अवं, हे स्वागत आहे!"

"असू द्या न. आमी बाजूले बसतो." आणि त्या बसल्या. बाजूला म्हणजे रस्त्याच्या बरोबर मधोमध. आमच्या बायकांना अन्यायाची बाजू अचूक कळते.

ट्रक थांबले. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. हॉर्न ऐकून बाजारातली माणसं आली. आणि साडेतीनला, या सगळ्याच्या समोर, पांढरी गाडी वळणावर दिसली!

मी भोंगा तोंडाला लावला. आणि ऐन क्षणी माझ्यातला शिक्षक जागा झाला. साडेतीन म्हणजे सकाळ नव्हे! दुपारी 'ब्वेनास तार्देस' म्हणतात! मी ओरडलो, "ब्वेनास!"

"दियास!" साठ मुठी.

"दियास नाही! तार्देस! ब्वेनास!"

"दियास!!" अजून जोरात. मी चिडून हात झाडले, लोकांना वाटलं जोश कमी पडतोय. ते गाडीकडे धावले. चाचा हार घेऊन पुढे, मागे हंडे.

गाडी थांबली. क्षणभर नुसती उभी राहिली. मग तिने मागच्या मागे रिव्हर्स घेतला, तोंड फिरवलं आणि मंगरूळपीरच्या दिशेने जी सुटली ती धुळीतच गायब झाली.

गाडीत पुढच्या सीटवर प्रवीण होता. आमचा प्रवीण! घरचा माणूस! काचा बंद, एसी चालू, एक अक्षर ऐकू येत नाही, पण दिसत होतं ना? नंतर मी त्याला जाब विचारला, तर तो काय म्हणाला माहीत आहे?

"दादा, ड्रायव्हर म्हणत होता, स्वागत असन, हार दिसते. पण मले भोंग्यावर तू दिसला. म्या म्हणलं, वळव गाडी. हा रास्ता रोको आहे, आणि हा माणूस दोन तास कोणाले सोडत नाही."

मला पाहून! हारावर विश्वास नाही, सख्ख्या आईवर विश्वास नाही (काकू पहिल्या रांगेत मूठ उगारून उभी होती), माझ्यावर मात्र पूर्ण विश्वास!

धूळ खाली बसते न बसते तोच पोलीस जीप आली. हवालदारांच्या हातात माझं पत्रक.

"परवानगी कुठं आहे?"

"साहेब, 'नमस्कार' म्हणाले परवानगी लागते?"

"खाली काय लिवलं वाचा."

मी वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. चांगलं लिहिलंय, असं एक क्षण वाटून गेलं.

"कोणती मागणी मान्य झाली पाह्यजे?" हवालदार म्हणाले.

मी विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "लग्नाची."

"कोणाच्या?"

"चुलतभावाच्या."

"मुलगी नाही म्हणते का?"

"नाही, मुलीची आई."

"म्हणून रस्ता अडवला?" हवालदारांनी मान हलवली. "चाल. बस जीपमधी."

चौकीत मी बाकावर बसलो आणि मोबाइल पाहिला. प्रवीणचे अकरा मिस्ड कॉल. शेवटी एक निरोप. 'दादा, लुसीयाची आई गाडीत रडून राह्यली. म्हणते, माझ्या पोरीले इथं देत नाही. तू लग्न मोडलं.'

तो निरोप वाचल्यावर, खरं सांगतो, मला निषेधाचा एकही शब्द सुचला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आता पुढचं मी पाहिलेलं नाही. मी जबाब लिहून देत होतो (तीन पानं, हवालदार म्हणाले चार ओळी पुरे, पण मी अर्धवट काम करत नाही). हे लुसीयाने सांगितलं तसं सांगतो.

गाडी थोडं पुढे जाऊन थांबली. पाहुण्यांना निदान पाणी तरी पाजावं म्हणून प्रवीणने ती शेतातल्या पांदण रस्त्याने मागच्या बाजूने घरापाशी आणली. आळीत चिटपाखरू नाही, सगळी जनता फाट्यावर. लुसीयाची आई, कार्मेनबाई, डोळे पुसत उतरली. मागून वडील. दार उघडं होतं. आणि आतून आवाज आला.

"लाभ... दोस... त्रेस... क्वात्रो..."

ओसरीवर काका एकटाच बसलेला. समोर तुरीच्या डाळीची रास, हातात जुनी पायली, बाजूला पोतं. कोणाला ऐकवायला नव्हे, कोणी शिकवलं म्हणून नव्हे (मी तर काढून टाकलं होतं!). तोंडात बसलं म्हणून म्हणत होता.

"सिंको... सेइस..."

कार्मेनबाई दारातच उभी राहिली. मग हळूच पुढे आली, काकासमोर जमिनीवर मांडी घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशीच पाय पसरून बसली आणि पुढच्या मापाला म्हणाली, "सिएते."

काकाने वर पाहिलं. ना नमस्कार, ना चमत्कार. माप ओतलं. "ओचो."

"न्वेवे."

"दिएस," काका म्हणाला आणि पायली तिच्या हातात दिली. "आता तुमी मोजा. माहा हात भरला."

ती मोजू लागली. "उनो—"

"अंहं!" काकाने तिचा हात धरला. "लाभ."

तिने लुसीयाकडे पाहिलं. लुसीयाने समजावून सांगितलं: पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही. एक म्हटलं तर ते एकच राहतं. लाभ म्हटलं तर वाढतं.

मग काका लुसीयाकडे बोट दाखवून म्हणाला, "सांग तुह्या मायले. या घरात एकटं कोणाले मोजतच नाही."

लुसीयाने ते भाषांतर केलं म्हणते. कार्मेनबाईने पायली भरली आणि ती म्हणाली, "लाभ."

काकू धापा टाकत घरी पोचली तेव्हा कार्मेनबाईचा तिसरा मण चालला होता. काकूला आठ दिवस घोकलेलं सगळं येत होतं. मूठ वर करायची तेवढी बाकी होती. पण बाईचे सुजलेले डोळे पाहून ती सरळ आत गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि म्हणाली, "जेवले का?"

दिवेलागणीला मला सोडलं. मी घरी आलो तर ओसरीवर हसणं-खिदळणं, चाचा स्पेनच्या वडिलांच्या खांद्याचं माप घेत होते, आणि माझ्याकडे कोणी पाहायला तयार नाही. मी कार्मेनबाईसमोर उभा राहून चांगलं छाती काढून म्हणालो, "ब्वेनोस दियास!"

 बाई काहीतरी लांबलचक बोलली. मला काही कळलं नाही. ते दुसऱ्या धड्यात असावं.

"काय म्हणते?" मी लुसीयाला विचारलं.

"ती म्हणते, अंधार पडला आहे."

पाहुणे दोन दिवस राहिले. कार्मेनबाईने वरण खाल्लं, शेळी बांधली, काकूबरोबर गल्लीभर फिरली, पण 'हो' काही म्हटलं नाही. विचारायची हिंमत कोणाची नाही. दुसऱ्या दिवशी ती लुसीयाला म्हणाली, त्या रस्त्यावर ही माणसं ओरडत काय होती ते मला ऐकायचंय. गल्लीने अंगणात ते पुन्हा करून दाखवलं. मुठींसकट. हसून हसून बाईच्या डोळ्यांतून पाणी. मग तिने विचारलं, तुम्ही खरोखरच्या आंदोलनात काय म्हणता? तेही दाखवलं. हंडेवाल्या सहाजणींनी तर फार मनापासून दाखवलं.

निघायच्या दिवशी गाडी सुरू झाली. काकू पदराआडून पाहतेय, प्रवीणचा चेहरा पडलेला. गाडी दहा पावलं गेली आणि थांबली. मागची काच खाली आली. आतून एक गोरी मूठ बाहेर आली, वर गेली, आणि कार्मेनबाई अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"लग्न!"

 तिने आमच्याकडून पुढच्या घोषणेची वाट पाहिली, मान हलवली आणि स्वतःच पूर्ण केलं, "झालंच पाह्यजे!"

काकू तिथंच खाली बसली आणि रडली. चाचांनी टेप काढली.

मी अनेक वर्षं चळवळीत आहे. मी आजवर लावून धरलेल्या मागण्यांपैकी ही एकच मान्य झाली, तीही मी निलंबित केलेल्या माणसाने, मी चौकीत असताना मिळवली. फाट्यावर निवारा अजून नाही. परवा मी त्यासाठी नवीन निवेदन लिहीत बसलो होतो, तर काका म्हणाला, "तहसीलीत म्या जातो. तू काही करू नको."

"मंग मी काय करू?"

"तू चौकीत जाऊन बस. तुह्यानं तिथूनच काम होते."

माझा याला तीव्र आक्षेप आहे. पण निवारा गावाला हवाच आहे; म्हणून निवेदन काकाच्या हाती दिलंय, खालची ओळ काकूने वाचून खोडलीय, आणि चौकीतल्या बाकावर मला जागा धरून ठेवा, असा निरोप मी हवालदारांना दिला आहे.